शंभरातले तेवीस

आमच्या गावात शंभरातल्या तेवीस माणसांच्या रक्तात सिकलसेलचं जनुक आहे. गावालगतचं तळं आटवलं, तिथे कापूस आला, हिवताप गेला; हिवतापापासून राखणारं हे जनुक मात्र राहिलं. ते आईबापांपैकी एकाकडून आलं तर माणूस नुसता वाहक, त्रास काही नाही. दोघांकडून आलं तर मूल आजारी.

म्हणून आम्ही प्रयोगशाळेच्या लोकांनी घरोघर रक्त तपासलं, ज्याचा निकाल त्यालाच सांगितला आणि एवढंच मागितलं, की दोन वाहकांचं लग्न लावू नका. गावाने त्यातून निराळंच उचललं. वाहक म्हणजे डाग. स्थळं जुळवणाऱ्या बायका कॉफीचा पेला हातात घेतल्या घेतल्या विचारू लागल्या, आणि मुलींच्या आया चर्चची शपथ घेऊन सांगू लागल्या, आमच्या पोरीचं रक्त साफ आहे. मुलांच्या आयाही तेच सांगत.

सात वर्षांनी मी त्या काळातली लग्नं तपासली. डोळे मिटून जोड्या लावल्या असत्या तर दोन वाहकांची जेवढी लग्नं झाली असती, तेवढीच झाली होती. सगळेच साफ म्हटल्यावर निवडणार कशातून?

त्यातलं एक लग्न माझ्या मावसबहिणीचं, आर्गिरोचं. तिच्या दीड वर्षाच्या स्तामातिसचे हात सुजले, तो कळवळून रडायचा. मी त्याचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. पेशी कोयत्यासारख्या वाकल्या होत्या.

सांगायला गेले तेव्हा सासू आर्गिरोला बोलत होती, तुझ्या आईने आम्हाला फसवलं म्हणून. मी सांगितलं, दोन्हीकडून आल्याशिवाय हे होत नाही.

आर्गिरोची आई, पोलिक्सेनी मावशी, कोपऱ्यात बसली होती. "म्हणजे तुम्हीपण का, विहीणबाई?"

आर्गिरोचा नवरा थिमियोस आईकडे बघत राहिला. मग उठून बाहेर गेला.

आर्गिरोला सहावा महिना होता. तिने मला जवळ बसवलं.

"ताई, चारांत एक आजारी, असं म्हणाली होतीस ना? तो एक झाला की. आता तीन धडधाकट."

"तसं नसतं गं. दर वेळी चिठ्ठी नव्याने काढायची."

"मग याने एवढं सोसलं ते कशातच धरत नाहीत?"

"नाही."

पोटातल्या बाळाचं रक्त तपासायची सोय तेव्हा आमच्याकडे नव्हती. निघताना मावशीने मला दाराशी गाठलं.

"तीन महिने तरी तिला झोपू द्यायचं होतंस," ती हळूच म्हणाली.

आत स्तामातिस पुन्हा रडायला लागला. आर्गिरो उठली नाही. पोटावरचा हात तिने काढून घेतला आणि मांडीवर ठेवला.