तिठ्यावरचा बॅनर

माझा दीर अभिजीत. त्याचा वाढदिवस होऊन आठवडा गेला, तरी हा खरवईच्या तिठ्यावर हात जोडून उभाच. बांबूला बांधलेला बॅनर आणि त्यावर बुटांपासून गॉगलपर्यंत आख्खा अभिजीत, खऱ्या मापाचा. वर लिहिलंय, 'आपल्या सर्वांचा लाडका'. कोणाचा लाडका, ते विचारा मला. माझ्या तर डोक्यात जातो.

मी शाळेची व्हॅन चालवते. दुपारची शाळा, नव्या कॉम्प्लेक्समधली पोरं. त्यांना घेऊन त्याच तिठ्यावर मेन रोडला लागायचं आणि बॅनर बरोबर उजव्या कोपऱ्यावर. बदलापूर गावाकडून काय येतंय ते व्हॅनचं नाक रस्त्यात घातल्याशिवाय दिसतच नाही. मला गाडी शिकवणारे सर एकच सांगायचे, समोरचा चुकणारच असं धरून चालवायची. आमच्याकडे धरायचीही गरज नाही. इथे जो तो समजतो, रस्ता आपला, माणसं आपली, बघून थांबतीलच. त्यामुळे बघत कोणीच नाही.

"भाऊजी, तो बॅनर काढा, नाहीतर वर तरी बांधा," मी दोनदा सांगितलं.

"स्वतःचा बॅनर स्वतः कोण काढतं, वहिनी? इज्जत जाते. पुढच्याचा वाढदिवस आला की तो काढेल."

झालं! म्हणजे पुढच्या कोणाचा तरी वाढदिवस येईपर्यंत मी आंधळ्यासारखी गाडी रस्त्यात घालायची.

सोमवारी व्हायचं तेच झालं. मी थांबले, हॉर्न दिला, जरा जरा पुढे सरकले आणि बॅनरमागून बुलेट सुसाट आली. वर कोण, तर लाडका! मी ब्रेकवर अक्षरशः उभी राहिले. मागे पोरं एकमेकांवर आपटली, राजसीचा ओठ फुटला. बुलेट बंपरला चाटून पुढे गेली, थांबली, आणि हा मलाच ओरडतो, "दिसत नाय काय? आंधळी आहेस का?" वहिनीवरून आंधळीवर यायला त्याला वेळ लागला नाही.

"तुमच्या बॅनरमागून तुम्हीच आलात, दिसणार कसं?" मी म्हणाले. तोवर तो गेलाही.

संध्याकाळी राजसीची आई मीनल कॉम्प्लेक्सच्या गेटवरच उभी होती. पोरीचा सुजलेला ओठ बघून म्हणाली, "तुमच्या भरवशावर पाठवतो आम्ही मुलांना. पुन्हा असं झालं तर एकही मूल तुमच्या गाडीत बसणार नाही." आज ओठ फुटला, उद्या डोकं फुटलं तर?

थेट घरी गेले, कोयता घेतला आणि व्हॅन तिठ्यावर आणून लावली. सीटवर बसून नीट बघितलं, नजरेला नेमकं काय आडवं येतंय. त्याचं तोंड येत होतं. उतरले आणि गॉगलसकट गळ्यापर्यंत कापून काढलं. पुन्हा सीटवर बसले, तर भोकातून पार वळणापर्यंत रस्ता लख्ख.

घरी शिमगा झाला. सासूबाई राजाबाईंनी ओटीच डोक्यावर घेतली. "माझ्या जित्या लेकाचं मुंडकं कापलंस गो! हात कसा नाय झडला तुझा?"

"फोटोचं कापलं, आई. खरं फुटू नये म्हणून."

"वर तोंड करून बोलते!"

"उद्या नवा आणतो," अभिजीत म्हणाला. "याच्या दुप्पट. हात लावून दाखव." माझा नवरा अमित मोबाईलमध्ये तोंड घालून बसला होता, जसा काही शेजारच्या घरात राहतो.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना गुडघा दाखवायला डॉक्टरकडे जायचं होतं. लाडका बॅनर आणायला गेलेला. मग काय, बसल्या माझ्या शेजारी. पोरं घेईपर्यंत तोंडाचा पट्टा चालूच. वैरीण, अवदसा, सगळं ऐकून घेतलं.

तिठ्यावर मी थांबले.

"आता का थांबलीस? कोण नाय रस्त्याला."

"त्या भोकातून बघा."

त्या वाकल्या. काल जिथे लेकाचं तोंड होतं, तिथे लांबून लेकाचंच तोंड येत होतं. तोच गॉगल. एक हात बुलेटवर, दुसऱ्या हातात कानाला लावलेला मोबाईल, पाठीमागे बांधलेली नव्या बॅनरची गुंडाळी. तिठा आला तरी त्याने वेग कमी केला नाही, मान वळवली नाही. आमच्या नाकासमोरून सरळ निघून गेला. त्याची आई गाडीत आहे हेही त्याला कळलं नाही.

"काकी, कालचेच काका," मागून राजसी म्हणाली.

सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला होता. "कोयता कुठं हाय?"

"सीटखाली. पण आई, तुमचा गुडघा..."

"गुडघ्याला काय धाड भरलीय?"

लंगडत गेल्या. बांबूच्या दोऱ्या सपासप कापल्या आणि उरलेला अभिजीत बुटांसकट मातीत पाडला. परत येऊन बसल्या, कोयता मांडीवर.

"नवा बांधू दे त्याला, तो पन पाडते. आनि तू बोलू नको माझ्याशी. गाडी चालव."

मी दोन्हीकडे बघितलं आणि चालवली.