निर्व्यसनी

“सिगारेट ओढता?” डॉक्टरीणबाईंनी कागदावरून मान वर न करता विचारलं.

“छे!” नवऱ्याच्या आधी मीच बोलले. “विडी नाही, सिगारेट नाही, दारूचा थेंब नाही.”

माझ्या वडिलांनी स्थळ बघताना एवढं एकच विचारलं होतं, मुलगा निर्व्यसनी आहे ना? बावीस वर्षं मी त्या शब्दावर मिरवले. शेजारणींचे नवरे झोकांड्या खात घरी यायचे, माझा यायचा तो अंगाला सफरचंदाचा वास घेऊन. मला तो वास आवडायचा, हेही सांगून टाकते.

“काम काय करता?”

“हुक्का पार्लरमध्ये आहे.” एवढं बोलायला यांना दोनदा श्वास घ्यावा लागला. “निखारे ठेवतो, हुक्का लावून देतो. वस्ताद म्हणतात मला तिथं.”

“लावून देता म्हणजे?”

“चार-पाच दमदार झुरके मारायचे. धूर दाट आला, घशाला लागत नाही असं वाटलं, की नळी पुसून गिऱ्हाइकाच्या हातात.”

“असे दिवसाला किती?”

“चाळीस. सुट्टीच्या दिवशी साठ.”

बाईंनी आधी लिहिलेलं ‘नाही’ खोडलं. मला राग आला.

“अहो, ते ओढत नाहीत, काम आहे त्यांचं! आणि तो धूर पाण्यातून गाळून येतो.” हे मला यांनीच समजावलं होतं आणि मी ते गल्लीभर सांगितलं होतं.

“पाण्यानं धूर गार होतो, साफ नाही होत,” त्या म्हणाल्या. “गार लागतो म्हणून माणूस आणखी खोल ओढतो. वास सफरचंदाचा असला तरी तंबाखू तोच, वर कोळशाचा विषारी वायू. गेलेलं फुप्फुस परत येत नाही. उरलंय ते टिकवायचं असेल, तर त्या धुरात आता पाऊल टाकायचं नाही.”

हे ओशाळं हसले. “म्हणजे इतकी वर्षं मी कामाला जात होतो, का व्यसनाला?”

बाईंनी औषधांची चिठ्ठी माझ्या हातात दिली.

दवाखान्यातून आम्ही थेट पार्लर गाठलं. ते पहिल्या मजल्यावर. हे खालच्या पायरीवरच बसले, मी एकटी वर गेले. पोरंपोरी गाद्यांवर रेलून धूर सोडत होती. मालक काचेच्या केबिनमध्ये होता.

“यांना दुसरं काम द्या. दारात बसवा, नाहीतर कपबश्या धुवायला ठेवा.”

“वहिनी, ओढायला कुणी सांगितलं होतं? नुसतं पेटवायचं होतं. शौक त्यांचा.”

शौक! ‘वस्ताद, आधी तू बघ, मग टेबलावर पाठव’ असं रोज ओरडणारा हाच माणूस. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“मग तुम्ही का नाही हो करत हा शौक?”

“मला नाही सोसत तो धूर,” तो म्हणाला. उठला, आणि मी उघडं टाकलेलं केबिनचं दार त्यानं घट्ट लावून घेतलं.

“काय म्हणाला?” यांनी खाली विचारलं.

“बघतो म्हणाला.”

घर दहा मिनिटांवर. हे चपलांच्या दुकानासमोर थांबले आणि बायकांच्या चपला अगदी निरखून बघू लागले. छाती भात्यासारखी हलत होती. पुढे कुलपांच्या दुकानापाशी थांबले, कुलपं बघितली. त्यापुढची दुकानं बंद होती, बघायला काही नव्हतं, म्हणून हे चालतच राहिले. ओठ निळसर पडायला लागले.

“अहो, थांबा जरा.” मी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसकण मारली. “पाय भरून आले माझे.”

“वय झालं तुझं,” हे म्हणाले, आणि माझ्याशेजारी बसले.