भिंतीतलं दार

दादाने भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. पक्षाघाताचा झटका आल्यापासून त्याचा उजवा हात निपचित पडला होता, जीभ गप्प होती, आणि आता तो पुढ्यातला घासही नाकारू लागला होता. "औषधांचं काम झालं, आता यांच्याच मनात यायला हवं," असं सांगून डॉक्टर मोकळे झाले. मनात आणायचं कसं, ते मात्र कोणी सांगेना.

दादा बंदरावर क्रेन चालवायचा; उजवा हात म्हणजेच त्याची क्रेन. त्या हाताने दांडा जरासा ढकलला की घराएवढ्या लोखंडी पेट्या अलगद उचलल्या जायच्या. हात गेला म्हणजे आपणही गेलो, असं त्याने ठरवूनच टाकलं होतं.

बोटं तरी हलतील म्हणून वहिनीने नवाकोरा व्हिडिओ गेम आणून पाहिला. त्याला ढीगभर बटणं. वर बघा, खाली बघा, शिवाय खेळातलं कोणीतरी सतत कानाशी सल्ले देणार. दादाने पुन्हा तोंड फिरवलं.

मग त्याच्या धाकट्या बहिणीने माळ्यावरून जुना कॉम्प्युटर उतरवला. त्यात दोघांचा लहानपणीचा खेळ होता. समोर बंदूक धरलेला हात, अंधारे बोळ, आणि पडद्याच्या तळाशी नायकाचा चेहरा, मार बसेल तसा रक्ताळत जाणारा. त्यात वर बघता येत नाही की खाली. पळा, दार उघडा, गोळी घाला, संपलं. राक्षस तर जवळ आले की नुसते चौकोनी ठिपके उरतात! तरी अजून लोक त्या खेळासाठी वेडे आहेत, आणि बहिणीला त्याचं मुळीच नवल वाटत नव्हतं. नव्या खेळात पाहुण्यासारखं वावरावं लागतं. या बोळांत दादा झोपेतही फिरला असता.

तेव्हा दोघांत कीबोर्ड एकच असायचा. उजवीकडे दादा, डावीकडे ती. बाणांची बटणं त्याची, म्हणजे चालणं-वळणं त्याच्याकडे. गोळी आणि दार तिच्याकडे. काही भिंतींमागे गुप्त खोल्या असत, पण वरून खूण काही नसे. दादा भिंतीला खेटून चालायचा आणि ती दाराचं बटण बडवत राहायची. भिंत उघडली नाही की नायक "हं" करून कण्हायचा, आणि दोघं हसून लोळायची.

तिने दादाला खुर्चीत बसवलं, त्याचा उजवा हात बाणांवर ठेवला. "चल, दादा. वळ की!"

हात ओल्या फडक्यासारखा पडून राहिला. राक्षस आले. ती जागच्या जागी गोळ्या झाडत राहिली. चेहरा रक्ताळला, डाव संपला. तिने पुन्हा सुरू केला, पुन्हा संपला.

"पुरे करा हो, वन्सं," दारातून वहिनी म्हणाली. "त्यांचे हाल बघवत नाहीत."

"नको चालवूस जा! मीच चालवते," बहीण दादावर ओरडली आणि तिने बाण आपल्याकडे घेतले. चालवणं तिला जन्मात जमलं नव्हतं. ती रडत भिंतींवर धडकत होती, दाराचं बटण दाबत होती. हं. हं. हं. "कुठंय रे ते दार? सांग ना! मेल्यासारखा बसतोस काय?"

शब्द तोंडातून गेला आणि ती बटण दाबायची थांबली.

दादाच्या घशातून आवाज आला. चिडका, वैतागलेला. लहानपणी ती भलत्याच भिंतीशी अडून बसली की तो असाच करवादायचा. त्याने डाव्या हाताने तिचा हात बाजूला सारला. मग आपला उजवा हात एखादी वस्तू उचलावी तसा उचलून मांडीवर ठेवला, आणि कीबोर्ड तिच्याकडे सरकवला, बाण डाव्या हाताखाली येईपर्यंत.

बहिणीला कळलं. ज्या हातासाठी तिने एवढा आटापिटा मांडला होता, त्यावर दादाने पाणी सोडलं होतं. आता क्रेन नाही. तिला हंबरडा फोडावासा वाटला.

डाव्या बोटांनी तो अडखळत निघाला, एकदा चुकला, मागे आला, आणि एका कोऱ्या भिंतीशी थांबला.

"दा... दाब," दादा म्हणाला.

डोळे पुसायला तिच्याकडे हात मोकळा नव्हता. तिने बटण दाबलं, आणि भिंत सरकली.