मधलं स्टूल

चष्म्याच्या त्या दुकानात बसायच्या जागा तीन. डावीकडे थोरले भाऊ डोळे तपासत, उजवीकडे धाकटे भाऊ काचा घासत आणि मधल्या स्टुलावर थोरल्यांचा जावई बसे. त्याचं काम एवढंच, की इकडचं बोलणं तिकडे करायचं. भावाभावांत अंतर हातभर, दोघांचेही कान ठणठणीत. पण नऊ वर्षं अबोला होता.

कारण साधंच. काच कधी मिळेल, असं एका गिऱ्हाइकाने विचारलं, तेव्हा थोरले म्हणाले, "तो जरा हळू आहे." धाकटे समोरच बसलेले. "मी ढळढळीत समोर असताना मला 'तो'? मी काय मेलोय की परगावी गेलोय?" असं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं ते फिरवलंच.

जावयाने याआधी पाच नोकऱ्या करून पाहिल्या होत्या. पाचही ठिकाणी त्याचा निरोपसमारंभ फार उत्साहात झाला होता. इथे मात्र तो रुळला. थोरले म्हणत, "जावईबापू, त्या गाढवाला सांगा, डावी काच उजवीकडे बसवलीय." जावई मान वळवून सांगे, "त्यांचं म्हणणं, जरा घाई झाली असावी." धाकटे म्हणत, "त्यांना म्हणावं, आधी स्वतःचे डोळे तपासा." जावई परत मान वळवे, "ते तुमच्या तब्येतीची चौकशी करताहेत."

घरी बायको विचारी, "अहो, उद्या बाबा आणि काका बोलायला लागले तर तुम्ही काय करणार?" की जावई घाईघाईने आणखी आमटी मागे.

एका सकाळी थोरल्यांनी एक जाड भिंगाचा चष्मा उजेडात धरला. बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "जावईबापू, त्याला सांगा, काच सुरेख घासलीय."

नऊ वर्षांतली पहिली शाबासकी! असंच चाललं तर आठवडाभरात दोघं गळ्यात गळे घालणार आणि स्टूल माळ्यावर जाणार. त्याने मान वळवली आणि आयुष्यात प्रथमच निरोपात पाणी घालायच्या ऐवजी मिरची घातली.

"त्यांचं म्हणणं, काच... चालेल कशीबशी."

"सुरेख म्हणालो मी!" थोरले ओरडले. थेट धाकट्यांकडे बघून.

"ऐकलं मी," धाकटे म्हणाले. तेही थेट.

समोर चष्म्यासाठी थांबलेलं गिऱ्हाईक चष्म्याशिवायच टक लावून बघू लागलं.

"मग हा मधेच काय बोलतो?"

"नेहमीचंच आहे याचं. परवा तू मला गाढव म्हणालास, तर हा म्हणे घाई झाली असावी."

"आणि ते माझ्या तब्येतीचं?"

"कोण विचारतंय तुझ्या तब्येतीला!"

दोघं खदखदून हसले. जावई दोघांच्या मधून म्हणाला, "अहो, मी इथेच बसलोय."

"काय म्हणतोय तो?"

"म्हणतोय, इथेच बसलोय."

"तसा वाईट नाही रे तो."

"नाही, वाईट नाही. जरा हळू आहे."

जावयाच्या कानशिलाला आग लागली. घटकेपूर्वी जावईबापू, आणि आता तोंडासमोर 'तो'! बोलायचं खूप होतं, पण ज्यांच्याविषयी बोलायचं तेच ऐकत होते. मग तो स्टुलावरून उठला, शोकेसपाशी जाऊन दोघांकडे पाठ करून उभा राहिला आणि काहीतरी करायचं म्हणून फडक्याने फ्रेमी पुसू लागला. जेवायच्या वेळेपर्यंत एकशेचाळीस फ्रेमी लखलखत होत्या. पाच नोकऱ्यांत मिळून त्याने एवढं काम केलं नव्हतं. दोघं भाऊ हळूच ये-जा करून बघत होते. पण त्याला थांब म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मधल्या स्टुलावर त्याची बायको येऊन बसली.

"बाबा, काका," ती गंभीरपणे म्हणाली, "ह्यांचं म्हणणं आहे, फडकं बदलून हवंय."