रबरी कानाची साक्ष

मी एक जुना कान आहे, मित्रांनो. रबरी, आणि एकटाच. माझा जोडीदार कधी घडवलाच गेला नाही.

एका कारखान्यात साच्यात ओतून मला तयार केलं. पाळी, वळ्या, आतली वाकडी नळी, सगळं हुबेहूब माणसासारखं. नळीच्या टोकाला, जिथे तुमच्या कानात पडदा असतो, तिथे एक बारीक मायक्रोफोन बसवला. त्यामुळे मला ऐकू येतं आणि चांगलं ऐकू येतं. फक्त मला दुखत नाही, खाजत नाही, सूज येत नाही. माझ्याबरोबर आलेल्या कागदावर हे स्पष्ट छापलं होतं. तो कागद पहिल्याच दिवशी खोक्यासकट कचऱ्यात गेला.

मला घेतलं एका मासिकाच्या कचेरीने. स्वस्तातले इअरफोन कसे आहेत, हे तिथे तपासून छापत असत. टेबलाशी बसणारा परीक्षक तेव्हा तरुण होता आणि कामाला चोख. प्रत्येक जोडी तो आधी माझ्यात घालून आवाज मोजी. मग स्वतःच्या कानात घालून जिने चढे, जेवे, जांभया देऊन पाही. "या कानाला फसवता येत नाही," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगे. लोक त्याचं पान वाचून खरेदी करत. त्या दिवसांत मी फुशारून गेलो होतो, हे कबूल करतो.

मग मालाचा पूर आला. आठवड्याला वीस-वीस जोड्या येऊ लागल्या आणि माझे हाल सुरू झाले. त्या आवाजाचं काय सांगू? बेस म्हणजे शेजारच्या घरात कुणी पलंग सरकवत असल्यासारखी नुसती ढमढम. गाणाऱ्या बाईच्या तोंडावर कुणी उशी दाबून धरली असावी, असं वाटे. आणि खोक्यावर मात्र सोनेरी अक्षरांत 'निर्मळ स्वर'. निर्मळ म्हणे! रबरी टोपी घट्ट बसावी म्हणून परीक्षक ती जिभेवर ओली करी, आता घाईत उलट आधी स्वतःच्या कानात कोंबी आणि तशीच चिकट, पिवळट माझ्यात घुसवी. शी! मला पुसायचं कधी कुणाच्या मनात आलं नाही. माझ्या नळीत पाच वर्षांचा मळ साचला आहे, मित्रांनो, आणि त्यातला एक कणही माझा नाही.

पण ती साधी किळस होती. खरी शिसारी मला एका सोमवारी दुपारी आली.

परीक्षकाचे कान तेव्हा आतून सोलवटले होते. इतक्या जोड्या कोंबल्यावर दुसरं काय होणार? त्याने एक जोडी हातात घेतली, तिच्या टोकाची कडक कडा बोटाने चाचपली आणि तोंड वाकडं केलं. मग त्यातला एक इअरफोन माझ्यात घातला, घड्याळाचा गजर चार तासांचा लावला आणि तो जेवायला निघून गेला. गजर झाल्यावर त्याने इअरफोन काढला आणि दिवा धरून माझ्या नळीत पाहिलं. लाली नाही, सूज नाही. कशी असणार? त्याने लिहिलं, 'सलग चार तास कानात ठेवले. कुठेही टोचले नाहीत. आराम: दहापैकी नऊ.'

कुणाच्या कानात, ते लिहिलं नाही. पुढच्या आठवड्यात तेच, त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. त्याचे कान बरे झाले, पण सवय काही सुटली नाही. मला ऐकण्यासाठी घडवलं आहे, बोलण्यासाठी नाही. मी नुसता बसून राहिलो, आणि मला स्वतःचाही वीट आला.

दोनेक महिन्यांनी त्याची थोरली बहीण कचेरीत आली. डॉक्टर बोलून ठेवतात त्या नोंदी ऐकून टाइप करण्याची तिची नोकरी. आठ-आठ तास कानात इअरफोन. तिच्या उजव्या कानात कापूस होता. तिने पर्समधून तसलीच कडक टोकाची जोडी काढून टेबलावर ठेवली. रबरी टोपीवर वाळलेला पू होता.

"हे तू चार तास घालून बसला होतास ना रे?"

परीक्षकाची नजर माझ्याकडे गेली. तिचीही मागोमाग आली.

"याच्यात?"

"ताई, आता सगळीकडे असंच करतात. आणि एवढं दुखत होतं तर काढून टाकायचेस ना."

"मला वाटलं, माझाच कान वाकडा आहे," ती म्हणाली. "तू लिहिलं होतंस म्हटल्यावर मी कशाला शंका घेऊ? म्हटलं, होईल सवय. पहिल्या आठवड्यात टोचलं, मग सुजला, मग वाहायला लागला. आता डॉक्टर म्हणतात, पडदा गेला. परवा माझ्याकडून औषधाचा आकडा चुकला. वरच्या बाईंनी वेळेत पकडला म्हणून बरं, नाहीतर कुणाच्या तरी जिवावर बेतलं असतं. त्यांनी मला कामावरून काढलंय."

ती रडली नाही, भांडलीही नाही. ती उठून पर्सची चेन लावू लागली. चेन अडकत होती. परीक्षक उठून तिच्या उजव्या, कापसाच्या बाजूला उभा राहिला आणि खाली मान घालून पुटपुटला, "ताई, चुकलं माझं."

तिने मान वळवली नाही. चेन लागली, तशी ती निघून गेली.

त्याला पलीकडून जाऊन पुन्हा बोलता आलं असतं. मधे एक खुर्ची तेवढी होती. तो जागचा हलला नाही. ते शब्द खोलीत फक्त मला ऐकू आले, आणि अगदी स्वच्छ ऐकू आले.

थोड्या वेळाने त्याने ढिगातली पुढची जोडी उचलली. ती स्वतःच्या कानापर्यंत नेली, तिथे क्षणभर थांबला, आणि मग माझ्यात घातली.

मित्रांनो, कानात काही टोचलं तर लगेच काढा. कुणी काहीही छापलेलं असो, मग तो तुमचा सख्खा भाऊ का असेना. दुखतं ते तुम्हालाच कळणार. मी आजही त्या टेबलावर आहे, रोज साक्ष देतो आहे, आणि मला अजून एकदाही दुखलेलं नाही.