सात वाजताचं कालवण

काळ कोणाच्याही हातात नसतो, असं संतांपासून घड्याळ दुरुस्त करणाऱ्यांपर्यंत सगळे सांगत आले आहेत. विद्याधर परबांच्या हातात मात्र तो होता. अंधेरीतल्या एका मराठी वाहिनीच्या चौथ्या मजल्यावर बसून महाराष्ट्राने संध्याकाळी सात वाजता काय पाहायचं, हे गेली एकोणीस वर्षं तेच ठरवत होते. अलीकडचे दहा आठवडे महाराष्ट्र सात वाजता दुसरी वाहिनी पाहत होता, एवढीच काय ती अडचण.

सातला ‘नाखव्याची सून’ लागायची. ती विद्याधरांची निवड. आदल्या आठवड्यात किती घरांनी काय पाहिलं याचा आकडा दर गुरुवारी येतो. तो एक पूर्णांक एकवरून घसरत शून्य पूर्णांक चारवर आला होता. विद्याधरांनी हात टेकले नाहीत. मालिका सातऐवजी सात वाजून चार मिनिटांनी सुरू करून पाहिली. सुनेची स्मृती घालवली, मग परत आणली. रविवारी दोन तासांचं लग्न लावलं आणि ऐन मंडपात नवरा बदलला. आकडा बदलला नाही.

वाहिनीच्या नव्या प्रमुख सुलक्षणा मॅडम शाम्पूच्या कंपनीतून आल्या होत्या. वयाने विद्याधरांहून सोळा वर्षांनी लहान, पण बोलायला सरळ. त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, “सर, ऑक्टोबरअखेर तुमचा करार संपतोय. सातचा आकडा एकच्या वर गेला तर मला वरती बोलायला तोंड राहील. नाहीतर नाही राहणार.”

घरी चारकोपच्या फ्लॅटचे सात हप्ते राहिले होते आणि बावन्नाव्या वर्षी कोणती वाहिनी आपल्याला दारात उभं करील, याचा विद्याधरांना पक्का अंदाज होता.

गणपती गेले त्या आठवड्यात ‘सून’ बंद झाली. आता नवी मालिका कधी, असं मॅडमनी विचारलं, तेव्हा विद्याधरांनी पितृपक्ष असल्याचं सांगितलं. पंधरा दिवस नवीन काही सुरू होत नाही. निर्माता नारळ फोडत नाही, मसालेवाला जाहिरात देत नाही. शाम्पूत हे नसावं, कारण मॅडमनी पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. मग तोपर्यंत सात वाजता काय लावणार? काहीही, असं विद्याधर म्हणाले, आणि त्यांनी शब्द पाळला. जुन्या कपाटातून चौदा वर्षांपूर्वीचा एक पाककृतीचा कार्यक्रम निघाला. माहुलच्या जयाबाई कोळीण त्यात रोज एक मासा करून दाखवायच्या. तो निवडण्याचं कारण म्हणजे त्याची लांबी बरोबर बावीस मिनिटं होती.

पहिल्या गुरुवारी आकडा आला शून्य पूर्णांक नऊ. विद्याधरांनी चष्मा पुसला. दुसऱ्या गुरुवारी एक पूर्णांक चार. नवरात्रात तो एक पूर्णांक सातवर गेला. वाहिनीवर इतकं कोणी कोणाला पाहिलं नव्हतं.

मीटिंग बोलावली गेली. मार्केटिंगचा कृणाल म्हणाला की लोकांना खोट्या सुनांचा कंटाळा आलाय, खरी माणसं हवीत. रुचिका नावाच्या संशोधक मुलीने पडद्यावर आलेख लावला. त्यात बाण वर जात होता, ते सगळ्यांना पटलं. मॅडमनी विद्याधरांना विचारलं, तुम्हाला हे आधीच कसं कळलं? विद्याधर म्हणाले, “अनुभव.”

त्या संध्याकाळी ते लवकर घरी आले. त्यांच्या पत्नी श्रुतिका भेंडीची भाजी पुढ्यात घेऊन टीव्हीसमोर बसल्या होत्या. पडद्यावर जयाबाई सुरमईला कोकमाचं आगळ चोळत होत्या आणि श्रुतिकाताई भेंडी चावत होत्या.

“तू कधीपासून पाककृती बघायला लागलीस?” विद्याधरांनी विचारलं. “तुला काय शिकायचंय यात?”

“शिकायचं कसलं? बघून घेते,” त्या म्हणाल्या. “गणपती झाले, पक्ष झाला, आता घट. महिना झाला घरात काटा नाही. तुम्ही ऑफिसच्या खाली आमलेट खाता, तुमका काय कळतला.”

यात काही अर्थ असावा असं विद्याधरांना जेवताना वाटलं. पण बाईमाणूस एक, आणि तेही आपल्याच घरातलं. एकोणीस वर्षांत त्यांनी आकड्याशिवाय आलेलं मत कधी मानलं नव्हतं, आणि आत्ता तर आकडा त्यांच्याच बाजूने होता.

त्यामुळे पुढचं वेगात झालं. जयाबाईंना माहुलहून गाडी पाठवून आणलं. चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत एक गाळा घेऊन त्यात होडीच्या आकाराचा ओटा बांधला. एकशे तीस भागांचा करार झाला, मसालेवाल्याने तीन महिन्यांचे पैसे आगाऊ भरले. विद्याधरांचा नवा करारही मॅडमनी छापून ठेवला. सही मात्र पहिला आकडा पाहून करायची, असं वरून आलं होतं. ती केवळ औपचारिकता आहे, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

नवा कार्यक्रम दसऱ्याला सुरू झाला. मुहूर्त उत्तम होता. जयाबाईंनी पहिल्याच दिवशी भरलेलं पापलेट केलं आणि कॅमेरामनने ते खाऊन टाकल्यामुळे शेवटचा शॉट पुन्हा घ्यावा लागला. सगळ्यांनी हा शुभशकुन मानला.

दसऱ्यानंतरच्या आठवड्याचा आकडा त्याच्या पुढच्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता आला. शून्य पूर्णांक तीन. ‘सुने’पेक्षाही एक दशांशाने कमी. मॅडमनी छापलेला करार खणात ठेवला. कृणालने क्रिकेटच्या सामन्याचं नाव घेतलं, रुचिकाने आलेख आडवा करून पाहिला.

त्या आठवड्यात चारकोपच्या मासळी बाजारात सुरमई अकराशे रुपये किलो होती, आणि रोज सकाळी साडेनऊपर्यंत संपत होती.