झेंड्याला एक मत

फिटरकाकांच्या पक्षाला उतारवयात कामगारांची आठवण झाली. वरून फर्मान सुटलं: कामगारांकडे परत चला. परत चला म्हणजे मधल्या काळात आपण गेलो तरी कुठे होतो, हे विचारायची पक्षात पद्धत नव्हती. शाखेचे सेक्रेटरी म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. ते चष्मा पुसत म्हणाले, "काका, तुमची मुलगी गोदामात आहे ना? मग तिथूनच श्रीगणेशा करू."

काकांची छाती फुगली. उमेदीची सगळी वर्षं ते ओतशाळेत फिटर होते आणि त्यांचा मंत्र एकच होता: झेंड्याखाली उभं राहायचं तर पहिल्या रांगेत, तोंड न लपवता. पुढच्याला साहेब हात लावत नाही, कारण त्याच्या पाठीशी किती जण आहेत ते साहेबाला दिसतं. ओतशाळा बंद पडली, तिच्या जागेवर गोदाम आलं, तरी काकांचा मंत्र काही बदलला नाही.

लेक त्याच गोदामात खोकी बांधायची. बोटांना सदा चिकटपट्टीचा डिंक. उद्या काम आहे की नाही, हे रोज संध्याकाळी मोबाइलवर कळायचं.

"बाबा, मी येईन. पण मागे उभी राहीन," ती म्हणाली.

"मागे का? चोरी केलीस की काय?"

गेटसभेत काकांनी तिला हाताला धरून पुढे आणलं आणि तिच्या हातात झेंडा दिला. मागे उभं राहायला मुळात कुणी नव्हतंच. बायका बसमधून उतरल्या आणि माना खाली घालून आत गेल्या. मास्तरांनी भांडवलाच्या बदलत्या स्वरूपावर भाषण ठोकलं. ते वॉचमनने तेवढं शेवटपर्यंत ऐकलं, कारण त्या बिचाऱ्याला जागा सोडता येत नव्हती. मग लेकीचा झेंड्यासकट फोटो निघाला आणि पक्षाने तो कौतुकाने गावभर फिरवला.

त्या संध्याकाळी मोबाइल वाजला नाही. दुसऱ्या संध्याकाळीही नाही. तिला कुणी काढलं नव्हतं, तिचं नाव येत नव्हतं, बस. काढलं असतं तर भांडता तरी आलं असतं. काका मास्तरांकडे धावले. मास्तर खूप हळहळले आणि निषेधाच्या पत्रकावर तोच फोटो छापू या म्हणाले.

"नको," काका म्हणाले. पक्षाला त्यांनी जन्मात पहिल्यांदा नको म्हटलं.

गल्लीतला केबलवाला समोरच्या पक्षाचा. भांडवल कशाशी खातात हे त्याला ठाऊक नव्हतं, पण कुणाचा नळ गळतो, कुणाची आई दवाखान्यात आहे, हे सगळं तोंडपाठ. गोदामाला माणसंही तोच पुरवायचा. लेक बापाला न विचारता त्याच्याकडे गेली. त्याने उभ्याउभ्याच फोन लावला, आणि संध्याकाळी मोबाइल वाजला. बदल्यात तिने येत्या निवडणुकीत मतदानाच्या दिवशी त्याच्या टेबलावर बसून मतदारांना चिठ्ठ्या द्यायच्या होत्या.

मग एकदा काकांना रस्त्यात गाठून त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, तुम्ही वडीलधारे. पण आपल्या केंद्रावर झेंड्याला एक जरी मत पडलं, तर ते कुणाच्या घरातलं हे शेंबडं पोरही सांगेल. मलाही वर तोंड दाखवावं लागतं. मग पोरीचं नाव मी कसं पुढे करू, सांगा?"

मेल्याने धमकीसुद्धा किती मायेने दिली! काकांना संताप आला तो त्याचा नाही, आपल्याच पक्षाचा. खांद्यावर असा हात ठेवणारं आपलं माणूस ह्या गल्लीत एकही उरलं नव्हतं.

मतदानाच्या दिवशी ते टेबलापाशी गेले. लेकीने मान वर न करता चिठ्ठी पुढे केली. "खोली दुसरी, बाबा. पायरी बघून चढा."

आत यंत्रासमोर त्यांचं बोट आपसूक झेंड्याच्या चिन्हाकडे वळलं, म्हातारा बैल गोठ्याकडे वळतो तसं. त्यांनी दुसऱ्या हाताने ते बोट धरलं, बाजूला नेलं आणि केबलवाल्याच्या पक्षाचं चिन्ह दाबलं.

निकाल लागला. पक्षाचा सगळीकडे धुव्वा उडाला. मास्तर थेट काकांच्या घरी आले आणि त्यांच्या गळ्यातच पडले.

"तुमच्या केंद्रावर एक मत आहे, काका! सगळे फिरले, तुम्ही नाही फिरलात. ह्या एका मतातून आपण पुन्हा उभे राहू. शाखेत तुमचा सत्कार करायचा ठरलाय."

"एक?" काकांनी कसंबसं विचारलं. त्यांना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

लेक ओट्याशी कांदा चिरत होती. तिची सुरी थांबली.

मास्तर डोळे पुसत निघून गेले. ओट्यावर मोबाइल पडून होता. त्याची वाजायची वेळ केव्हाच टळली होती. लेकीने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि मग बापाकडे.

"एकच कसं, बाबा?"

काका भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"तुम्ही एकटे पडू नये, म्हणून मी दिलं," ती म्हणाली. "दोन असायला हवी होती."